आठवी ब ची अडतिसावी प्रत

शर्मिला गेल्याचं कळलं तेव्हा शालिग्राम उमाठे दारात गॅसच्या सिलिंडरची वाट पाहत उभे होते. सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. आदल्या संध्याकाळी तिला छातीत जड वाटलं म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. मुलगी संपदा भोपाळहून धावत येऊन रात्रभर आईजवळ बसली होती, आणि दुपारी उमाठ्यांनी डबा घेऊन जायचं असं ठरलं होतं. फोन वाजला. संपदा म्हणाली, "बाबा, आई गेली."

उमाठे म्हणाले, "अच्छा."

एवढ्यात सिलिंडर आला. त्यांनी सील पाहिलं, वजन करून घेतलं, सही केली, सिलिंडर स्वयंपाकघरात ओढून नेला. मग बाहेरच्या दाराला कुलूप घालताना किल्ली कोणत्या बाजूला फिरवायची ते त्यांना आठवेना.

छत्तीस वर्षं त्यांनी रांझीच्या फॅक्टरीत तपासणीचं काम केलं होतं. दिसायला सारखे दोन सुटे भाग खरोखर सारखे आहेत की नाहीत, हे पाहायचं आणि शिक्का मारायचा. माल बाहेर गेल्यावर शंका घ्यायची नाही, हा त्या खात्याचा नियम. माणूस असा घडला की घरातही तसाच राहतो. शर्मिला म्हणायची, "तुम्ही पोळ्यासुद्धा मोजून राहिले काय?"

तेरावं झालं, पाहुणे पांगले. संपदाही परत निघाली. जाताना म्हणाली, "बाबा, आईचा मोबाइल बंद करून टाका. नंबर पण. रखके क्या करोगे?"

उमाठे "हो" म्हणाले आणि फोन चार्जिंगला लावला.

त्यांची अडचण वेगळीच होती, आणि ती मुलीला सांगण्यासारखी नव्हती. शर्मिलाचा चेहरा आठवायला गेलं की दवाखान्यातलाच यायचा. जबडा बांधलेला, नाकात कापूस. बेचाळीस वर्षांच्या संसारातला दुसरा एकही चेहरा यायला तयार नव्हता. भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे पाहिलं तर तो फोटोच दिसे, ती दिसत नसे. आपण न पाहिलेला एखादा चेहरा मिळाला तर कदाचित हा मागे सरकेल, असं त्यांना वाटे. पण लग्नाआधीचा तिचा एकही फोटो नव्हता. सासऱ्यांची रेल्वेची नोकरी, दर तीन वर्षांनी बदली. त्यात एका क्वार्टरमध्ये वाळवीनं पेटी खाल्ली. उमाठ्यांनी पूर्वी विचारलं होतं, लहानपणी तू कशी दिसायचीस म्हणून. ती म्हणाली होती, "होती एक काळी-बेंद्री. काय पाहता तिला?"

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी पोहे फोडणीला टाकत असताना तिचा फोन वाजला. संदेश होता. गटाचं नाव 'आठवी ब, १९७३'.

हा गट दोनच महिन्यांपूर्वी निघाला होता. गावातल्या ओमती भागात चष्म्याचं दुकान असलेल्या नीलकंठ नावाच्या तिच्या वर्गमित्रानं एकेकाचे नंबर हुडकून तो जमवला होता. बहुतेक जण नागपूर, भोपाळ, पुण्याकडचे. शर्मिला वाचायची, हसायची, लिहायची मात्र नाही. त्यातल्या कुणालाच ती गेल्याचं माहीत नव्हतं. गावात राहणाऱ्या नीलकंठलाही नाही, कारण रांझीतून स्मशानात आले ते सगळे फॅक्टरीचे लोक होते.

नीलकंठनं फोटो टाकला होता. त्याखाली लिहिलं होतं, 'घ्या, म्हातारे लोकहो. स्वतःला ओळखा.'

उमाठ्यांनी गॅस बंद केला. चष्मा पुसून बसले.

काळापांढरा फोटो. शाळेचं पटांगण. पहिली ओळ जमिनीवर, दुसरी बाकांवर, तिसरी मागे उभी. मधोमध काळी टोपी घातलेले एक मास्तर. मुलांच्या मागे मोकळं मैदान, त्याच्या टोकाला दोन खांबांचं फाटक, फाटकावर पंख पसरून उडता उडता पकडला गेलेला एक कावळा. खाली पांढऱ्या शाईत सुबक अक्षरात नावं. तिसरी ओळ, डावीकडून पाचवं नाव: कु. शर्मिला किनखेडे.

त्यांनी बोटानं मोजलं. पाचव्या जागी कोणी नव्हतं. चौथ्या आणि सहाव्या मुलीच्या मध्ये एका माणसाची जागा नीट सोडलेली होती आणि त्या फटीतून मागचं फाटक दिसत होतं. नावं अडतीस. मुलं सदतीस. त्यांनी तीनदा मोजलं.

मग त्यांच्या हातून एक चूक झाली. एका बोटानं, सावकाश, त्यांनी शर्मिलाच्या फोनवरून लिहिलं, 'मी कुठे आहे यात?'

पाठवल्यावर काय केलं ते लक्षात आलं. पण तोवर उत्तरं यायला लागली होती.

'अरे वा, किनखेडे बाई जाग्या झाल्या.'

'दोन महिन्यांत पहिला शब्द. पेढे वाटा.'

भोपाळच्या चिंतामणीनं आपल्या आवाजात निरोप पाठवला. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, आवाज अजून फलाटावरचा. "अगं, तू त्या दिवशी आलीच नव्हती नं. कांजण्या झाल्या होत्या तुला. बापूसाहेब मास्तरांचा नियम विसरली काय? फोटोच्या दिवशी जो नाही आला, त्याची जागा सोडायची. गैरहजर असला म्हणून काय वर्गाबाहेर झाला? असं म्हणायचे. मग मी मॉनिटर, मी हजेरी घ्यायची. गैरहजराचं नाव आलं की त्याच्या बाजूच्यानं उत्तर द्यायचं, 'येऊन राहिली, सर.' ते झाल्याशिवाय फोटोवाल्याला बटण दाबू देत नव्हते. तुझ्या बाजूला राधा होती. ती इतक्या जोरात ओरडली होती की सगळे हसले. म्हणून तर सगळ्यांचे दात दिसून राहिले त्यात. थांब, माझी प्रत जास्त साफ आहे. उद्या टाकतो."

उमाठ्यांनी तो निरोप चार वेळा ऐकला. गार झालेले पोहे खाल्ले. आपण खोटं बोललो हे त्यांना कळत होतं. पण कुणीतरी तिला 'तू' म्हणून बोलत होतं आणि त्यांना बरं वाटून राहिलं होतं.

चिंतामणीची प्रत दुसऱ्या दिवशी आली. खरंच साफ होती. तेच हसणारे दात, तोच कावळा, तीच रिकामी जागा. फक्त फाटकाच्या दोन खांबांमध्ये एक बारीक ठिपका होता. आदल्या दिवशीच्या फोटोत तो नव्हता.

बुरशी असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. जुन्या कागदाला लागतेच.

पण सवय जात नाही. दुपारपर्यंत त्यांनी दोन्ही फोटो आलटून पालटून वीसेक वेळा पाहिले. बुरशीला कडा नसते. या ठिपक्याला कडा होती.

तिसऱ्या दिवशी ते ओमतीला गेले. गळ्यात मफलर, हातात कापडी पिशवी. नीलकंठचं दुकान अरुंद आणि लांब होतं. काचेच्या कपाटात चष्म्यांच्या रांगा, मागे अक्षरांचा तक्ता. नीलकंठ टक्कल पडलेला, गोल, बोलका माणूस. उमाठ्यांनी ओळख सांगितली तसा तो काउंटरच्या बाहेरच आला.

"शर्मिलाचे मिस्टर? म्हणजे आमच्या आठवी ब चे जावईच तुम्ही. बसा, बसा. भैया, दो चाय बोल दे. ती नाही आली?"

"घरी आहे," उमाठे म्हणाले. त्यांचा हात पिशवीच्या बंदाशी खेळत राहिला. "मला फोटो पाहायचा होता. कागदावरचा."

"अरे, एक काहून, तीन पाहा. पुस्तक करून राहिलो नं मी सगळ्यांचं. ज्यांच्याकडे प्रती आहेत त्यांना म्हटलं, पाठवा. आतापर्यंत तीन आल्या. ही माझी, ही चिंतामणीची, ही नागपूरहून गीतांजलीनं पाठवली."

त्यानं तिन्ही फोटो काउंटरवर मांडले. उमाठ्यांनी भिंग मागितलं. नीलकंठनं आपलं डोळ्याला लावायचं जाड भिंग दिलं.

नीलकंठची प्रत. फाटक मोकळं.

चिंतामणीची प्रत. फाटकात ठिपका. भिंगाखाली त्याला दोन पाय होते.

गीतांजलीची प्रत. फाटक मोकळं. पण मैदानाच्या मध्यावर, हातपंपाशी, एक मुलगी होती. बोटाच्या पेराएवढी. पांढरं ब्लाउज, गडद स्कर्ट. एक पाय जमिनीवर, एक उचललेला. उजवा हात डोक्यावर, उडणारे केस धरल्यासारखा. चेहरा हलल्यामुळे पुसट.

उमाठ्यांनी पट्टी मागितली. डाव्या खांबापासून कावळ्याच्या चोचीपर्यंतचं अंतर मोजलं. अकरा मिलिमीटर. दुसऱ्या प्रतीत अकरा. तिसरीतही अकरा.

"फोटो किती वेळा काढला होता?" त्यांनी विचारलं.

"एकदाच. दुसऱ्यांदा उभं केलं असतं तर आम्ही सापडलो नसतो."

"मग हे पाहा."

नीलकंठनं भिंग लावलं. बराच वेळ वाकून राहिला. चहा आला, तसाच राहिला. "चपराश्याची पोर असेल," तो शेवटी म्हणाला. "तिकडून पळाली असेल."

"आणि कावळा? तो तिन्हीत तिथेच?"

 नीलकंठनं एकेक फोटो उलटा केला. मागे पेन्सिलीनं बारीक आकडे होते. त्याच्या प्रतीवर ४. चिंतामणीच्या प्रतीवर १५. गीतांजलीच्या प्रतीवर २६.

"फोटोवाला जसजशा प्रती काढत गेला तसतसे आकडे टाकत गेला," तो हळूच म्हणाला. "एकूण अडतीस काढल्या होत्या."

बाहेर ऑटोवाले भांडत होते. उमाठ्यांनी मफलर सोडला, घडी केली, मांडीवर ठेवला.

"नीलकंठजी, शर्मिला घरी नाही. ती वारली. आज अठ्ठाविसावा दिवस."

नीलकंठनं भिंग खाली ठेवलं.

"गटावर ते मी लिहिलं होतं. तिच्या फोनवरून."

"काहून पण? सांगायचं नं."

"तुम्ही सगळे तिला हाका मारून राहिले होते. मला थांबवावं वाटलं नाही."

नीलकंठनं चष्मा काढून रुमालानं पुसला, मग डोळे पुसले, मग पुन्हा चष्मा पुसला. "मी सांगू का गटावर?"

"नाही. ते माझं काम आहे. पण आधी मला पुढची प्रत पाहायची आहे. कोणाकडे असेल?"

राधाकडे असेल, नीलकंठ म्हणाला. तिला पाटणला दिली होती. शेतीवाल्यांच्या घरात. नीलकंठनं त्यांच्यासमोरच फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं.  पलीकडून राधाबाई म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, या. दोन्ही प्रती माझ्याचकडे आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दमोह नाक्यावरून पाटणची बस मिळाली. टपावर मटारची रिकामी पोती, आत माणसांना चिकटून माणसं. दोन्ही बाजूंना मटारची हिरवी वावरं आणि त्यांवर खालून वर चाललेलं धुकं. राधाबाई ओसरीवर उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. उंच, हाडापेरानं मोठ्या. त्यांनी उठून पाणी आणलं, गूळ दिला, आणि समोर बसून पुन्हा मटार सोलायला लागल्या. हातांना काम असलं की बोलणं सोपं जातं.

"भाऊजी, त्रास झाला का तिला?"

"नाही म्हणतात. मी तिथे नव्हतो."

"मग तुम्ही पण गैरहजरच म्हणा."

उमाठे पहिल्यांदाच हसले. किंचितच.

बाईंनी आतून एक पत्र्याचा डबा आणला. त्यातून फोटो काढला. त्याच्या मागे ३७ लिहिलेलं होतं.

भिंगाची गरज पडली नाही.

फाटकात, हातपंपाशी कोणी नव्हतं. मुलगी ओळीपर्यंत आली होती. रिकाम्या जागेच्या मागे, एका पावलावर. डावा हात तिनं सहाव्या मुलीच्या, म्हणजे राधाच्या, खांद्यावर ठेवला होता, वाट काढताना ठेवतात तसा. चार बोटं स्पष्ट दिसत होती. मान खाली घातलेली, केस पुढे आलेले. चेहरा दिसत नव्हता.

राधा मात्र तोंड उघडून हसत होती.

"हे तुम्ही कधी पाहिलं?" उमाठ्यांनी विचारलं.

"फोटो हातात आला तेव्हाच. कोणाला सांगायचं? सगळ्यांच्या प्रती सारख्याच असतील वाटलं. कोणी काही बोललं नाही, मग मी पण नाही बोलले."

"तुम्हाला त्या वेळी काही..."

"कोणीतरी हात ठेवला होता, भाऊजी. गार नव्हता. पळून आलेल्या माणसाचा असतो तसा गरम, घामेजलेला. मी वळणार, तर मास्तर ओरडले, समोर पाहा. म्हणून नाही पाहिलं." त्या सोललेले दाणे एका बाजूला करत राहिल्या. "आठ दिवसांनी मी तिच्या घरी गेले, तर क्वार्टरला कुलूप. वडलांची बदली झाली होती. तिची प्रत मास्तरांनी माझ्याकडे दिली होती पोचवायला. ती राहून गेली. गैरहजराची प्रत ते मुद्दाम सगळ्यात शेवटी काढायला लावत. म्हणत, तोवर पोचेल."

डब्याच्या तळाशी खाकी कागदाचं पाकीट होतं. सुतळीनं बांधलेलं, गाठीवर लाख. वर पांढऱ्या शाईत तेच सुबक अक्षर: कु. शर्मिला किनखेडे. कोपऱ्यात पेन्सिलीनं ३८.

"कधी उघडलं नाही?"

"दुसऱ्याच्या नावाचं कसं उघडायचं?" राधाबाई म्हणाल्या. "आता तुमचं आहे ते. ही माझी पण घेऊन जा, नीलकंठला द्या पुस्तकासाठी. आणि हे मटार घ्या. नाही म्हणायचं नाही."

परतीच्या बसमध्ये उमाठ्यांना खिडकीजवळ जागा मिळाली. गावाच्या वेशीवरचं माढोताल आलं तेव्हा त्यांच्या एकदम ध्यानात आलं, की सकाळपासून तो दवाखान्यातला चेहरा आलेला नाही. त्याऐवजी एक मुलगी येत होती, एका हातानं केस धरून, भर मैदानातून, उशीर झाला म्हणून पळत. चेहरा नसलेली, पण पळणारी.

घरी येऊन त्यांनी मटार-भात केला. नीट झाला. बऱ्याच दिवसांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला. मग शर्मिलाचा फोन घेतला आणि गटावर लिहिलं: 'मी शालिग्राम उमाठे, शर्मिलाचा नवरा. ती ८ डिसेंबरला गेली. त्यानंतरचं मी लिहिलं होतं. चूक झाली, माफ करा.'

  मग एकेक नाव यायला लागलं. कुणी हात जोडले, कुणी एखादी आठवण लिहिली. तिनं पाटीवर काढलेला मोर. तिनं चिंतामणीला मारलेली शाईची पिचकारी. चिंतामणीनं लिहिलं, 'भाऊ, हा नंबर गटातून काढू नका. मॉनिटरचा हुकूम आहे.'

संपदाचा फोन आला तेव्हा उमाठे म्हणाले, "नंबर राहू दे. तिच्या वर्गातल्यांना लागतो."  संपदा म्हणाली, "अच्छा बाबा. मला पण टाका त्या गटात."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन टेबलावर आल्यावर, त्यांनी राधाबाईंची प्रत नीलकंठकडे देण्याआधी एकदा तपासून घ्यावी म्हणून भिंग लावलं. हे भिंग नीलकंठनं त्यांना देऊनच टाकलं होतं. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, खात्याच्या पद्धतीनं. दात, वेण्या, मास्तरांची टोपी. खांद्यावरची चार बोटं. हातपंप. कावळा, अकरा मिलिमीटर.

फाटकात एक ठिपका होता.

त्यांनी भिंग पुसलं, पुन्हा लावलं. ठिपक्याला कडा होती. मुलाएवढा नव्हता, मोठ्या माणसाएवढा होता. गळ्याभोवती मफलरसारखं काहीतरी गुंडाळलेलं. हातात पिशवीसारखं काही.

उमाठ्यांना भीती वाटली नाही. त्यांनी फोटो कागदात गुंडाळला आणि ओमतीला जाऊन नीलकंठला दिला. मोठ्या माणसाबद्दल काही बोलले नाहीत.

खाकी पाकीट टेबलावर आहे. सुतळी तशीच, लाख तशीच. ते रोज सकाळी त्यावरची धूळ पुसतात. फाटकातला माणूस पोचायचा आहे. अडतिसावी प्रत त्यांनी अजून पाहिलेली नाही.